मानाचा वाटा

मिर्ताली अंगणात अथेन्स होऊन बसली होती. उजवीकडचं अंजिराचं झाड म्हणजे कॉरिंथ. आणि विहिरीपाशी, दोन्ही हातांवर मेंढीचं ओलं कातडं आडवं घेऊन, तिचा नवरा कोमिआस उभा होता.

"मान खाली," अथेन्सने फर्मावलं. "फडकं पुढं ओढा. हं, आता चला."

कोमिआसने डोक्यावरचं फडकं भुवयांपर्यंत ओढलं, नजर कातड्यावर लावली आणि चालायला सुरुवात केली. सुरुवात बरी झाली. मग अर्ध्या वाटेत पायांनी आपला आपण निर्णय घेतला आणि कोमिआस थेट अंजिराच्या बुंध्याला जाऊन धडकला.

"झालं! पुन्हा कॉरिंथ!" मिर्तालीने कपाळावर हात मारला. "अहो, दगडी आसन उजवीकडं, लाकडी खुर्ची डावीकडं. डावं-उजवं कळतं ना तुम्हाला?"

"मला कळतं. पायांना कळत नाही." तो कपाळ चोळत म्हणाला. "सुरा हातात घेतल्यापासून दर सणाला उजवीकडंच गेलेत ते. त्याआधी बाबांचे गेले, आजोबांचे गेले. आता एका सकाळीत त्यांना कसं पटवू?"

"पोराचं नाव घेऊन पटवा."

कोमिआसने कातडं पुन्हा हातांवर नीट घेतलं. कोपऱ्यातल्या उखळात तिने पहाटेच मीठ कुटून ठेवलं होतं आणि परातीत अंजिराची रुंद पानं भिजत घातली होती. सणाला घरचं माणूस परगावी असेल तर त्याचा वाटा मीठ लावून पानात बांधायचा आणि तिकडे जाणारं कुणी भेटलं की त्याच्या हाती धाडायचा, ही हाल्मिरा गावाची रीत. आजवर तिने शेजारणींच्या नवऱ्यांसाठी, दीर-भावांसाठी अशा पुरचुंड्या बांधायला मदत केली होती. स्वतःच्या घरची पुरचुंडी बांधायची वेळ यंदा पहिल्यांदा आली होती.

शेवटी ती उठली. फाटकाबाहेरच्या वाळूत बोटांनी चाचपून तिने एक टोकदार खडा निवडला, नवऱ्यापुढे खाली बसली आणि तो त्याच्या डाव्या वहाणेत टाचेखाली सरकवला.

"आता जिकडं बोचेल तिकडं वळायचं."

कोमिआसने एक फेरी मारली. लंगडत, तोंड वाकडं करत तो नेमका डावीकडे वळला आणि कातडं बायकोच्या मांडीवर ठेवलं.

"देवा पोसायडना," अथेन्सने पदराने डोळे पुसले, "असंच होऊ दे."

हाल्मिरा हे समुद्रकाठचं, मिठागरांचं गाव. कॉरिंथच्या माणसांनी येऊन वसवलं, म्हणून कॉरिंथ हे त्याचं माहेर. पुढे इराणी आरमाराच्या भीतीने गाव अथेन्सच्या आसऱ्याला गेलं, म्हणून अथेन्स हे सासर. माहेराहून दर वर्षी एक वडीलधारा कारभारी येई. वर्षभर त्याने करायचं काम म्हणजे असणं. सासरी दर वसंतात पैसे जात. त्यांना खंडणी म्हणायचं नाही, वर्गणी म्हणायचं, असं सासरनेच कळवलं होतं. आणि सणाला पोसायडनपुढे बैल कापला की देवाला हाडं-चरबीचा धूर मिळे, माणसांना मांस मिळे, आणि मांसातला पहिला, पाठीचा मोठा तुकडा माहेरच्या कारभाऱ्याला मिळे. हा मानाचा वाटा. गावात दुष्काळ पडला, रोगराई आली, एकदा तर मिठागरांच्या भांडणात नगरसभेत दगडफेक झाली, पण हा वाटा कधी चुकला नव्हता.

माहेर आणि सासर यांचं जोवर जमत होतं, तोवर गावाचंही बरं चाललं होतं. आता त्या दोघांचं फाटलं. गेल्या हिवाळ्यात अथेन्सचं जहाज आलं आणि 'तुमच्या प्रेमाची खूण म्हणून' गावातली काही तरुण मुलं घेऊन गेलं. ओलीस हा शब्द कुणी उच्चारला नाही. मोठ्या घरच्या मुलांना नेमका त्याच आठवड्यात ताप आला होता, त्यामुळे प्रेमाची खूण म्हणून इतरांची मुलं गेली. खाटकाचा लिकोन त्यांच्यात होता. कोमिआस आणि मिर्तालीला तो एकच.

आणि या सणाला दोन्ही घरची माणसं हजर होती. कॉरिंथचा कारभारी तिमांदर तर होताच. अथेन्सहून मेनेक्लीस नावाचा अधिकारी मुद्दाम आला होता. सण बघायला, असं तो म्हणाला. मानाचा वाटा यंदा कुणाला, हे त्याने एकदाही विचारलं नाही, त्यामुळे गावात दुसरा विषयच उरला नव्हता.

नगरसभा बसली. सूर्य डोक्यावर आला, कलला, तरी बसलीच होती. कॉरिंथला दुखवलं तर भूशिरापलीकडे उभी असलेली त्यांची जहाजं आत येणार. अथेन्सला दुखवलं तर त्यांची जहाजं येणार, आणि त्यांच्याकडे ती जास्त होती. शेवटी नगरप्रमुख आर्खिपोस याने ठराव मांडला, की मांस कापणं आणि वाटणं ही सुरा धरणाऱ्याची कला आहे आणि सभेने कलेत ढवळाढवळ करू नये. ठराव एकमताने पास झाला. हाल्मिराच्या इतिहासात कलेचा एवढा मान पूर्वी कधी झाला नव्हता.

ही बातमी कोमिआसला सांगायला पावा वाजवणारा बातोन धावत आला होता. सणात बैलापुढे हा पावा वाजवत चाले आणि बैलामागे कोमिआस. दोघांची दोस्ती जुनी.

"अभिनंदन, लेका!" बातोन दारातूनच ओरडला. "आजवर शेपूट कुणाला आणि खूर कुणाला एवढंच ठरवत होतास. आता लढाई कुणाशी तेही तूच ठरव."

"तुला हसू येतंय?"

"मी पावा वाजवतो बाबा. कोण का जिंकेना, मला वाजवावा लागतोच."

सणाच्या आदल्या दुपारी मेनेक्लीस बैल बघायला आला होता. तरुण, स्वच्छ, मऊ आवाजाचा माणूस. त्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "छान आहे. तुझा लिकोनही छान आहे."

कोमिआसच्या हातातली वैरण खाली पडली.

"जरा वाळलाय. मासे मिळतात आमच्याकडे, पण तो म्हणतो, बाबांच्या हातचं मांस ते मांस. माझ्या भावाच्याच घरी ठेवलंय त्याला. गुणी पोरगा." मेनेक्लीस हसला. "उद्या संध्याकाळी मी निघतो. त्याचा वाटा बांधून दिलात तर नेईन."

"न्याल? खरंच?"

"त्यात काय एवढं? आणि खरं सांगू का, वाटे नेण्या-आणण्यापेक्षा पोरगंच घरी आलेलं बरं. पुढच्या जहाजानं येऊ शकेल. मी शब्द टाकला तर." त्याने बैलाच्या पाठीवर, नेमक्या मानाच्या तुकड्यावर, हलकी थाप मारली. "उद्या कळेलच आम्हाला, हाल्मिराचं आमच्यावर प्रेम किती आहे ते."

तो गेला तरी बैल बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. आपल्या पाठीत एवढा रस घेणारा माणूस त्याने पाहिला नसावा.

मग तिमांदरचं बोलावणं आलं. म्हातारा पाय चौरंगावर ठेवून बसला होता. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा संधिवाताने भोपळ्यासारखा सुजे, म्हणून त्याला कायम मेंढीची लोकर गुंडाळलेली असायची.

"ये पोरा. तुझ्या आजानं माझ्या आजाला वाटा दिलाय, ठाऊक आहे?"

"हो. बाबा सांगायचे."

"तेव्हा बैल मोठे असायचे." तिमांदरने सुस्कारा टाकला. "त्या अथेन्सवाल्यानं तुला काय सांगितलं ते मी विचारणार नाही. पोटचं पोर ते पोर. पण आईचा वाटा आईला मिळाला नाही, तर आईला वाईट वाटतं रे. आमची जहाजं भूशिरापलीकडं उभी आहेत. उगीच. पाणी भरायला."

"किती दिवस लागतात पाणी भरायला?" कोमिआसच्या तोंडून निघून गेलं.

"ते वाट्यावर आहे," तिमांदर म्हणाला आणि त्याने अंगठा कुरवाळला.

आणि सणाच्या सकाळी, कोमिआस सुऱ्यांची गुंडाळी काखेत मारून वेदीकडे निघाला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी आर्खिपोसने त्याला गाठलं. नगरप्रमुखाच्या अंगावर नवं वस्त्र होतं आणि कपाळावर जुना घाम.

"हे बघ कोमिआस, सभेनं तुला पूर्ण मोकळीक दिलीय."

"त्याचीच भीती वाटते, दादा."

"वेडा की काय तू? तू फक्त नेहमीसारखा चाल. आजच्या दिवस डोकं चालवू नकोस."

"म्हणजे कॉरिंथला द्यायचा वाटा?"

आर्खिपोसने आधी मागे बघितलं, मग वर बघितलं. "मी कुठल्या गावाचं नाव घेतलं का? घेतलं का? मी एवढंच म्हटलं, नेहमीसारखा चाल. पायांना ठरवू दे." आणि तो लगबगीने निघून गेला.

कोमिआस तिथेच उभा राहिला. म्हणजे सभेला कॉरिंथ हवं होतं तर. हवंच असणार. त्यांची मुलं घरी होती, ताप उतरून गुबगुबीत झाली होती. त्यांना नेहमीसारखं चालायला काय जातं? त्याने डावी टाच जमिनीवर दाबली. खडा होता. बोचत होता.

अजून एक आशा होती, ती म्हणजे बैल.

कापण्याआधी पुजारी बैलाच्या डोक्यावर जव टाकतो आणि पाणी शिंपडतो. बैलाने मान हलवली की तो राजी आहे असं समजायचं. नाखूश बैल कापता येत नाही. मग सण पुढे ढकलायचा, पाहुण्यांनी वाट बघायची, वारा बदलायचा, कुणालातरी घरी जावं लागायचं. एवढ्यात काय-काय होऊ शकतं! वेदीभोवती जमलेलं गाव मनातल्या मनात बैलाची विनवणी करत होतं. पुजाऱ्याच्या कानावरही कुणी काही घातलं असावं, कारण एरवी अख्खी घागर बैलाच्या कानात रिकामी करणारा तो म्हातारा आज बोटाच्या टोकाने दवासारखे थेंब टाकत होता.

पण हा बैल नगरसभेत बसायच्या लायकीचा निघाला. कुणी काही विचारायच्या आधीच तो मान डोलवायला लागला. पाणी पडण्याआधी डोलवली, पडल्यावर डोलवली, पुजारी मागे सरला तरी डोलवतच राहिला.

"राजी आहे, कळलं, बस कर आता," पाव्याआडून बातोन पुटपुटला.

कोमिआसने फडकं भुवयांपर्यंत ओढलं. सुरा उचलल्यापासून मानाचा वाटा हातावेगळा होईपर्यंत वाटे करणाऱ्याने बोलायचं नाही आणि कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. ज्याचं तोंड बघाल त्याच्याकडे हात झुकतो, असं गाव वसवणाऱ्या पहिल्या माणसाने सांगून ठेवलं होतं. शहाणा असावा. तो स्वतः कुणाला किती वाटा देत होता, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

सुरा चालला. बायकांनी रीतीप्रमाणे आरोळी उठवली. नंतरचं काम हातांचं होतं आणि हात त्याचे होते, म्हणून कोमिआसला जरा बरं वाटलं. कातडं सुटलं, मांडीची हाडं चरबीत गुंडाळून विस्तवावर गेली, काळजाचे तुकडे सळईवर चढले. मग त्याने पाठीचा तुकडा मोकळा केला. त्यानंतर सवयीने खांद्याजवळचा एक बेताचा तुकडा कापून वेदीच्या कोपऱ्यावर बाजूला ठेवला. तो लिकोनचा. बायकांच्या घोळक्यातून मिर्तालीचा हात पुढे आला आणि तो घेऊन गेला.

त्याच्या पाठीमागे पाहुण्यांना बसवायची गडबड चालली होती. लाकूड दगडावर घासल्याचा आवाज आला. "इथं, इथं, तिकडं ऊन लागेल तुम्हाला," हा आर्खिपोसचा मधाळ आवाज. कुणीतरी कुरकुरलं. कोमिआसने मान वळवली नाही. वळवायची नव्हतीच.

त्याने पाठीचा तुकडा दोन्ही हातांवर घेतला आणि वळला.

बातोनचा पावा थांबला. चरबीची चरचर तेवढी ऐकू येत होती. डोळ्यांपुढे मांस, मांसापलीकडे वेदीपुढची फरसबंदी, तिच्यातली ओळखीची भेग. भेगेपर्यंत सरळ जायचं असतं. तिथून पाय उजवीकडे वळतात. पाय उजवीकडे वळायला लागलेच. कोमिआसने सगळा भार डाव्या टाचेवर टाकला. खडा कचकन बोचला आणि तो डावीकडे वळला.

गर्दीतून एक दीर्घ हुंकार उठला, जहाज खडकाला लागल्यावर आतल्या माणसांचा उठतो तसा. कोमिआसला तो अपेक्षितच होता. 'बाबा, माफ करा,' तो मनात म्हणाला. बाबा आणि आजोबा उजवीकडे दगडी आसनाकडे चालत गेले आहेत, आपण एकटेच इकडे आलो आहोत, असं त्याला अगदी स्पष्ट दिसलं. दगडी आसनाकडे त्याने बघितलं नाही. पुढे लाकडी खुर्चीचे पाय दिसले. तो गुडघ्यांवर बसला, हात पुढे केले.

खुर्चीपुढे टेकलेल्या पावलाच्या अंगठ्याला लोकर गुंडाळलेली होती.

मेनेक्लीसलाही रातोरात संधिवात जडला की काय, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. बुडत्याला काडी दिसते, ती अशी. तेवढ्यात वरून दोन जाडजूड, सुरकुतलेले हात आले आणि त्यांनी मांस धरलं.

कोमिआसने सोडलं नाही.

हातांनी ओढलं. कोमिआसनेही ओढलं. बोलायची बंदी होती, वर बघायची बंदी होती. ओढायची बंदी कुणी घातली नव्हती, कारण असं कधी होईल हे पहिल्या माणसाला सुचलं नव्हतं.

"सोड आता पोरा," वरून तिमांदरचा घोगरा आवाज आला. "कळलं मला. सोड."

मांस ताजं होतं, बुळबुळीत होतं. ते निसटलं.

तिमांदर सुजलेल्या पायावर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "बघा रे बघा!" त्याने वाटा डोक्यावर धरला. "उन्हाचं निमित्त काढून मला आईच्या आसनावरून उठवलं आणि लाकडावर बसवलं. मला कळत नाही होय? पण या माणसानं मान वर न करता आईला हुडकून काढलं! ज्याचा एकुलता एक मुलगा परक्यांच्या मुठीत, त्यानं!"

गर्दीला आपण काय करावं हे बराच वेळ समजत नव्हतं. तिमांदर ओरडल्यावर काही जण ओरडले, मग शेजारच्यांनी ओरडणं सुरक्षित मानलं. कुणीतरी कोमिआसच्या फडक्यावर ऑलिव्हच्या पानांची माळ चढवली.

दुसरा वाटा घेऊन तो दगडी आसनाकडे गेला. माहेरच्या आसनावर मेनेक्लीस बसला होता, स्वच्छ, शांत. आता बोलायला मोकळीक होती.

"मी तुमच्याकडंच येत होतो," कोमिआस म्हणाला. "देवाशपथ, तुमच्याकडंच."

"माझ्याकडे? मी तर मानाच्या आसनावर आहे. तुझी नेहमीची वाट इकडे येते, असं तुमचे नगरप्रमुख म्हणाले. ती सोडून तू मुद्दाम वळलास. सगळ्यांनी बघितलं."

"पायात खडा होता माझ्या."

"असेल," मेनेक्लीस समजुतीने म्हणाला. त्याने वाट्याचा वास घेतला, तो दगडावर ठेवला आणि बोटं पुसली. "मांस उत्तम दिसतंय. पण आम्हाला निघायला हवं. वारा आहे तोवर."

वेदीच्या मागे आर्खिपोसने कोमिआसचा दंड धरून त्याला धुराच्या आडोशाला ओढलं.

"मुडद्या, नेहमीसारखा चाल म्हणून बजावलं होतं ना तुला!"

"पाहुण्यांच्या जागा बदलल्यात हे सांगायचं होतं, दादा."

"सांगितलं असतं तर ती युक्ती कसली? वाटा अथेन्सला गेला असता, आणि तिमांदरला म्हटलं असतं, मनावर घेऊ नका, म्हातारा खाटीक, सवयीनं गेला. दोन्ही घरं राखली असती! अख्खी सभा तुझ्या सवयीवर जीव टांगून बसली होती, आणि तुला नेमकं आजच डोकं चालवायचं सुचलं?"

"मला वाटलं, तुम्हाला कॉरिंथ हवंय."

"आम्हाला काय हवंय ते आम्हाला तरी कुठं माहीत आहे!" आर्खिपोस रडवेला झाला. मग त्याला माळ दिसली, तिमांदर तिकडून बघतोय हेही दिसलं, आणि त्याने कोमिआसच्या पाठीवर मोठ्याने शाबासकी दिली.

बायकांच्या घोळक्यातून मिर्ताली धावत आली. तिथून तिला पाठीच तेवढ्या दिसत होत्या. नवरा भेगेपाशी थबकला आणि डावीकडे वळला, एवढंच तिने बघितलं, आणि लगेच ती खाली बसून मीठ चोळायला लागली होती. अंजिराच्या पानात बांधलेली पुरचुंडी तिच्या हातात होती. चेहरा फुललेला होता. एवढी हसरी ती हिवाळ्यानंतर दिसलीच नव्हती.

"वळलात! मी बघितलं ना! बरोबर वळलात!" मग तिची नजर वर गेली. "ही माळ कसली?"

कोमिआसने सांगितलं. सांगायला फार लागलं नाही. पाहुण्यांच्या जागा बदलल्या होत्या, बस.

मिर्तालीच्या हातावरचं मीठ तसंच होतं. तिने ते झटकलं नाही. ती म्हणाली, "पण तुम्ही डावीकडंच वळलात."

"हो. खडा बोचला तसा."

"मग तुम्ही जायचं तिकडंच गेलात. बाकीचं त्यांनी हलवलं." तिने पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली. "पळा. जहाज सुटेल."

कोमिआस पळाला. वहाणेतला खडा काढायचं त्याला सुचलं नाही, त्यामुळे हाल्मिराचा सन्मानित नागरिक भर रस्त्यातून लंगडत, पडत-उठत धक्क्याकडे जाताना लोकांनी पाहिला. माळ मासळीबाजाराच्या वळणावर पडली. धक्क्यावर पोचला तेव्हा दोर सुटला होता. जहाज फार दूर नव्हतं, पण हाताच्या अंतरावरही नव्हतं. मागच्या टोकाला मेनेक्लीस सुकाणूवाल्याशी बोलत उभा होता, धक्क्याकडे पाठ करून.

हाक मारता आली असती. आता कसली बंदी नव्हती. कोमिआस पाण्यात उतरला, कमरेइतक्या पाण्यात जाऊन थांबला. मग त्याने फडकं भुवयांपर्यंत ओढलं, मान खाली घातली आणि पुरचुंडी दोन्ही हातांवर आडवी धरली.

वल्ही एका सुरात उचलली गेली, पाण्यात पडली. पुन्हा उचलली गेली. त्यांतलं सगळ्यात मागचं वल्हं पडलं नाही. ते वरच थांबलं, मग हळूहळू आडवं झालं आणि त्याचं पातं पाण्याला चाटत, थरथरत, कोमिआसच्या हातांपुढे येऊन टेकलं. ओलं लाकूड, कडेला शेवाळ, मधे एक जुनी चीर. त्या वल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा बसला होता, ते त्याने बघितलं नाही.

त्याने पुरचुंडी चिरेवर नीट बसवली. देठ वरच्या बाजूला आहे ना, हे बोटाने चाचपलं. मग हात काढून घेतले.

पातं उचललं गेलं. अगदी सावकाश, काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसं, ते मागे सरकत गेलं आणि त्याच्या नजरेच्या कक्षेतून बाहेर पडलं. घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. कोमिआसने मान वर केली नाही. त्याच्यापुढे नुसतं पाणी होतं, त्यावर मिठाचे काही खडे पडून विरघळत होते.

सगळी वल्ही पुन्हा एकदम पडली. मधे काही पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. निदान वल्ह्यांच्या आवाजात तो वेगळा ऐकू आला नाही.